चाळीस दिवसांची विहीर

आमच्या घरी उपासाची सुरुवात मटणाच्या वासाने होत असे. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, आई सकाळीच काळा मसाला भाजायला घ्यायची. खोबरं, कांदा, धणे, तीळ असं एकेक तव्यावर काळपट होत जायचं आणि त्याचा खमंग धूर खिडकीतून बाहेर पडला की लोधीपुऱ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं, ख्रिस्ती लोकांचं काहीतरी आलं. लोकांना तो सण वाटे. खरं तर ती सणाच्या उलटी गोष्ट होती. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस लेंटचे, म्हणजे उपासाचे. त्या दिवसांत घरात मटण नाही, गोडधोड नाही, नवा कपडा नाही. म्हणून त्या मंगळवारी जे काही चांगलंचुंगलं घरात असेल ते संपवून टाकायचं, बरणीच्या तळाशी चिकटलेल्या तुपासकट. बाबा दवाखान्यातून येताना मावा जिलबी आणत. बऱ्हाणपूरची ती जाड, गडद, खव्याची जिलबी पानात पडली की मी आधी तिचा वास घेत बसे. आता डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, तीही कायमची, चाळीस दिवसांची नाही. पण दुकानावरून जाताना पाय अजून हळू होतात.

जेवणं दिवेलागणीलाच व्हायची. जेवण झालं की ताटं न उचलता सगळ्यांनी जागेवर बसून राहायचं आणि एकेकाने सांगायचं, यंदा मी काय सोडणार. सुरुवात धाकट्यापासून, म्हणजे माझ्यापासून. मग माझी बहीण एस्तेर, मग आई, मग बाबांची थोरली बहीण रेबेका, म्हणजे आमची आत्या, आणि शेवटी बाबा. आत्या तरुणपणीच विधवा झाली होती आणि तेव्हापासून आमच्याकडेच होती. ती दर वर्षी दाताला लावायची तंबाखूची मिसरी सोडायची. दुसऱ्या आठवड्यात तिचं डोकं इतकं फिरे, की मिसरीशिवायच्या आत्याबरोबर राहणं हाच आम्हा बाकीच्यांचा उपास होता. बाबा चहा सोडायचे. ते काही बोलत नसत, पण दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या कपाळावरची शीर दिसू लागे. मी एका वर्षी कारलं सोडते म्हटलं होतं. आई हसली नव्हती. "आवडतं तेच सोडायचं, सलू," ती म्हणाली होती. "नावडतं सोडलंस तर देवाच्या हाती काय पडलं?" माझं नाव सलोमी, पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या कागदावर आणि शाळेच्या पटावर.

आमचं घर म्हणजे मिशनने फार पूर्वी बांधलेल्या दोन खोल्या. पुढे एक मोठी खोली होती, तिला आम्ही देऊळ म्हणायचो. तिथे एक मेज, एक क्रूस आणि चार बाकं होती. महिन्यातून एकदा खांडव्याहून फादर आगगाडीने येत आणि मिस्सा करत. रेल्वेतली दोन घरं आणि गिरणीतलं एक घर, एवढाच आमचा समाज. बाकीच्या रविवारी बाबाच प्रार्थना चालवायचे. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. उंच, वाकलेले, आणि हाताला कायम कसल्यातरी औषधाचा वास. मागे अंगण होतं आणि अंगणात विहीर होती. त्या विहिरीचं पाणी फार गोड होतं. जुनी माणसं सांगायची, शहराखालून बादशाही काळापासून पाण्याचे बोगदे गेलेत, त्यातलाच एखादा झरा मिशनच्या विहिरीला लागलाय. उन्हाळ्यात गल्लीतल्या विहिरींचं पाणी मचूळ होई, काही तर आटत. आमचं पाणी खाली जाई, पण चव बदलत नसे.

गल्लीतलं कोणी मात्र ते पाणी नेत नसे. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. विहीर देवळाची आहे म्हणून नेत नसतील, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. शेजारच्या गोदाकाकूंशी आईचं चांगलं होतं. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते, त्यांची मुलं आमच्या अंगणात खेळायची, भिंतीवरून कढीपत्ता आणि विणकामाचे टाके यांची देवघेव चाले. काकू कधी आत आल्या तर आई म्हणे, पाणी आणू का. आणि काकू म्हणत, "नको हो, आत्ताच पिऊन आले." दर वेळी त्या आत्ताच पिऊन आलेल्या असत. मला वाटे, या बाईला फार तहान लागते.

देश तेव्हा नुकता आपला झाला होता. शाळेत भूगोलाच्या गुरुजींनी आम्हाला नकाशा रंगवायला दिला होता आणि त्यातली संस्थानांची पिवळी ठिगळं एकेक करून खोडून लाल करायला लावत होते. आज हे संस्थान आपल्यात आलं, आज ते. कागद खरवडून खरवडून पातळ झाला होता. आणि त्याच दिवसांत सिंधमधून निघालेली माणसं आमच्या गावात उतरली. कापसाचं एक जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद पडलेलं होतं, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या लांबलचक पत्र्याच्या छपरीत त्यांची सोय केली होती. छपरीत गोणपाटांचे पडदे लावून एकेका कुटुंबाने आपापला चौकोन केला होता. तिथल्या हौदाला पाणी पुरत नसे. त्यांच्या बाया डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन राजघाटाकडे जात आणि तापीवरून पाणी आणत. नदीही तेव्हा उतरलेली, अर्ध्या पात्रात वाळू, पलीकडे जैनाबादपर्यंत नुसता उन्हाचा झळाळ. शाळेत जाताना आम्हाला त्या बाया परतताना दिसत. डब्यांतून पाणी हिंदकळून त्यांचे खांदे भिजलेले असत.

त्या वर्षीच्या मंगळवारी मी जिलबी सोडली, एस्तेरने केसांची रेशमी फीत सोडली. मग आईची पाळी आली. आईने ताटातलं हाड बाजूला सारलं आणि ती म्हणाली, "दर वर्षी मी साखर सोडते. त्या साखरेचं काय होतं, तर ती डब्यात पडून राहते आणि ईस्टरला आपणच खातो. यंदा माझ्या मनात दुसरं आहे. आपण विहीर सोडू."

"विहीर सोडू म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"चाळीस दिवस विहीर आपली नाही. जिनातल्या बायांनी न्यावं पाणी. आपण प्यायला दोन घागरी घ्यायच्या, त्याही त्यांच्या रांगेत उभं राहून. धुण्याभांड्याला आपण नदीवर जाऊ."

एस्तेरने माझ्याकडे पाहिलं. नदीवर कोण जाणार हे आम्हा दोघींना कळून चुकलं होतं. मग आम्ही बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला होता आणि तो तसाच धरून ते बसले होते.

"पाण्याचं काही नाही," ते म्हणाले. "पाणी जाऊ दे. पण त्यांना सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?" आई म्हणाली. "ज्याला तहान लागलीय तो विचारत नाही."

"विचारत नाही, म्हणूनच आपण सांगायचं. ते परगावचे आहेत, त्यांना इथलं काही माहीत नाही. न सांगता दिलं आणि मागून कोणी त्यांना सांगितलं, तर आपण त्यांना फसवलं असं होईल. पाणी देऊन फसवलं."

आत्या इतका वेळ बोटाने ताटात रेघा काढत होती. ती म्हणाली, "योहाना, तू कशाला ते उकरून काढून राहिला? दोन पिढ्या झाल्या. इथे कोणी तोंडावर बोलत नाही, आपण बोलत नाही. चालून राहिलं ना नीट?"

"नीट चाललंय का, अक्का?" बाबा म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही.

मी विचारलं, "काय सांगायचंय?" एस्तेरने माझ्या मांडीला चिमटा काढला. ती सोळा वर्षांची होती, तिला माहीत होतं. मी अकरा वर्षांची, मला माहीत नव्हतं. पण त्या खोलीत काहीतरी फार जुनं येऊन बसलंय आणि सगळे त्याच्याकडे न बघता बसलेत, एवढं मला जाणवलं. आत्याने नेहमीप्रमाणे मिसरी सोडली, ते मात्र कोणी ऐकलंसुद्धा नाही. शेवटी बाबांची पाळी. "मी यंदा चहा सोडत नाही," ते म्हणाले. "उद्या राख लागली की मी जिनात जाऊन येतो." मग त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि ते प्रार्थनेला उठले.

दुसऱ्या दिवशी फादर सकाळच्या गाडीने आले. गेल्या वर्षीच्या शिंदीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख त्यांनी आमच्या कपाळांवर क्रुसासारखी ओढली. माती आहेस, मातीला मिळशील, असं ते प्रत्येकाला म्हणत. मिस्सा झाल्यावर बाबांनी कोट घातला. तो कोट ते एरवी ईस्टरलाच घालत. आई म्हणाली, "सलूला न्या बरोबर. एकटा बाप्या माणूस तिथे शिरला तर बाया दचकतील." म्हणून मी गेले. नाहीतर हे प्रकरण मला लिहिताच आलं नसतं.

जिनात शिरल्यावर आधी दिसलं ते सरकीचं जुनं भुस्कट. ते अजून कोपऱ्याकोपऱ्यांत होतं आणि पत्र्यांच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यांत तरंगत होतं. पडद्यांमागून चुलींचा धूर, रडणारी मुलं, आणि एक बाई लसूण ठेचत होती त्याचा आवाज. बाबा मधोमध जाऊन उभे राहिले. कपाळावर राख, अंगात काळा कोट, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना सोडलेले. हळूहळू माणसं जमली. काहीजणांनी त्यांना दवाखान्यात पाहिलं होतं. कोणीतरी म्हणालं, "कंपोटर साहब आए हैं, सुई लगाएँगे." मुलं पळाली.

"सुई नाही लगानी," बाबा म्हणाले. त्यांची हिंदी आमच्या गावची होती, मराठीत पाय अडकलेली. आणि मग ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यांनी आदल्या रात्री ते घोकलं असणार असं मला नंतर वाटत आलं आहे. ते म्हणाले, "मेरे घर में कुआँ है. पानी मीठा है. चालीस दिन वो कुआँ आप लोगों का है. लेकिन पहले एक बात बतानी है. हम ईसाई हैं. और ईसाई होने के पहले मेरे दादा जिस जात के थे, उनके हाथ का पानी गाँव में कोई नहीं पीता था. दापोऱ्याजवळच्या गाँव में उनको कुएँ पर चढ़ने नहीं देते थे. आज भी हमारी गली में हमारे यहाँ का पानी कोई नहीं पीता. ये जानकर जिसको आना है वो आए. जो नहीं आएगा उस पर मेरी कोई नाराज़ी नहीं."

मी त्यांचा हात धरला होता. तो हात गार होता, आवाज मात्र ठाम होता. गोदाकाकूंची तहान मला तेव्हा कळली. आमच्या गल्लीतली कितीतरी वर्षं एका क्षणात उलगडली. आणि त्याच वेळी मी बाबांकडे वर पाहिलं. रोज संध्याकाळी चपला काढून मुकाट घरात येणारा, गल्लीत मान खाली घालून चालणारा माणूस तो हा नव्हता. त्या पत्र्याखाली, त्या भुस्कटाच्या सोनेरी धुळीत ते मला इतके उंच दिसले की मला थोडी भीतीच वाटली. देवळात मिस्साच्या वेळी घंटी वाजते आणि सगळे माना खाली घालतात, तेव्हा जे वाटतं ते मला तिथे वाटलं. मी आज सत्तरी ओलांडली आहे, दोन खंडांतली मोठमोठी देवळं पाहिली आहेत, पण ती भावना तशी पुन्हा आली नाही.

लसूण ठेचायचा आवाज थांबला होता. मग एक म्हातारी पुढे आली. जेठीबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. पांढरी ओढणी, नाकात मोठं भोक पण त्यात काही नाही. तिने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रस्सी है, के रस्सी हम लावें?"

"रस्सी है," बाबा म्हणाले.

"तो फिर ठीक," ती म्हणाली आणि सुनेला डबा आणायला सांगितलं.

पण सगळं असं सोपं झालं नाही. टेकचंद नावाचा एक गृहस्थ होता, पन्नाशीच्या आतला, काटक, दाढी वाढलेली. तिकडे त्याची शेती होती, स्वतःची विहीर होती. तो गर्दीतून म्हणाला, "कंपोटर साहब, आपने सच कहा, मैं आपकी इज़्ज़त करता हूँ. पर हमने घर छोड़ा, ज़मीन छोड़ी, माँ-बाप की राख छोड़ी. एक धरम बचाने को ये सब छोड़ा. अब वो भी छोड़ दें तो हमारे पास क्या रहा?" तो रागाने बोलत नव्हता. उलट विनवल्यासारखा बोलत होता. बाबांनी मान हलवली. "इसलिए तो पहले बता दिया," ते म्हणाले. आणि आम्ही परत फिरलो. घराच्या फाटकाशी आल्यावर बाबा मला म्हणाले, "सलू, तुला आधी सांगायला पाहिजे होतं. घरात सांगायला पाहिजे होतं. राहून गेलं."

पहिल्या दिवशी जेठीबाई आणि तिची सून दोघीच आल्या. तिसऱ्या दिवशी सात-आठ बाया. पहिला आठवडा संपला तेव्हा सकाळी आमच्या अंगणात डब्यांची रांग फाटकाबाहेर जाऊ लागली. कप्पीचा कुरकुर आवाज, बाया एकमेकींशी भांडत-हसत बोलायच्या ती न समजणारी सिंधी, दगडी पन्हळीत सांडलेलं पाणी आणि त्यात नाचणारी उघडी पोरं. आमची आई त्या रांगेत आपल्या दोन घागरी घेऊन उभी राहायची. जेठीबाई तिला पुढे ढकलायची, आई मागे सरायची. एस्तेर आणि मी नदीवर जायचो. धुण्याचं बोचकं नेताना काही वाटायचं नाही. पाण्याने भरलेली घागर चढावर आणताना मान मोडून यायची, तळव्यांना फोड आले. एकदा मी रस्त्यात बसून रडले तेव्हा मागून पाणी घेऊन येणारी एक सिंधी बाई थांबली, तिने माझी घागर आपल्या डब्यावर ठेवली आणि घरापर्यंत आणून दिली. ती टेकचंदची बायको होती. तिचा नवरा आमच्याकडचं पाणी पीत नव्हता म्हणून ती अजून नदीवरच जात होती. आमच्या फाटकाशी तिने घागर उतरवली, आत पाऊल टाकलं नाही, आणि निघून गेली.

बाबांना त्या बोलण्याची किंमत मोजावी लागली. दवाखान्यात लोकांना बाबांची जात ठाऊक होतीच, पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. एका मोठ्या घरून त्यांना सुई द्यायला रोज बोलावणं येई, ते बंद झालं. भाजीवाली आमचं फाटक ओलांडून पुढे जाऊ लागली. गोदाकाकू भिंतीपलीकडून बोलत राहिल्या, त्यांनी मुलांना आमच्याकडे यायचं बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण आमच्याकडे त्या शेवटपर्यंत आत्ताच पिऊन आलेल्याच असत. आत्या धुसफुसत होती, मिसरीमुळे की कशामुळे कोण जाणे. "झालं समाधान?" असं ती बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, "अक्का, झोप चांगली लागते." ते खरं होतं. त्यांच्या कपाळावरची शीर त्या वर्षी दिसली नाही. अर्थात चहाही चालू होता.

पाचव्या आठवड्यात विहिरीने हात टेकले. इतकी माणसं तिने कधी पोसली नव्हती. आधी पाणी गढूळ येऊ लागलं, मग एका सकाळी बादली वर आली तिच्यात निम्मा चिखल. रांगेतल्या बाया नुसत्या उभ्या राहिल्या. आईने बादली उपडी केली आणि तो काळा गाळ पन्हळीत पसरला. जेठीबाई म्हणाली, "बस, बहन. तेरा कुआँ थक गया. हम फिर दरिया जाएँगे." नदीला ती दरिया म्हणे. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. दहा-बारा दिवस उरले होते. देवाला दिलेला शब्द अर्धवट राहणार, असं तिला वाटत असावं. मला मात्र खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तळव्यांचे फोड अजून भरले नव्हते.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला टेकचंद आला. पहिल्यांदाच तो आमच्या फाटकातून आत शिरत होता. तो सरळ विहिरीशी गेला, काठावर पोटावर झोपला आणि बराच वेळ खाली बघत राहिला. एक खडा टाकून त्याने आवाज ऐकला. मग उठून बाबांना म्हणाला, "कुआँ सूखा नहीं है. मुँह बंद हो गया है. बाजू से पानी आता था, वहाँ गाद बैठी है. रस्सी दो."

बाबा म्हणाले, "आप..."

"पानी पीना अलग बात है," टेकचंद म्हणाला. "कुआँ तो कुआँ है. मुझसे देखा नहीं जाता." त्याने सदरा काढून भिंतीवर ठेवला, कमरेला दोर बांधला. बाबा आणि जिनातली दोन माणसं दोर धरून उभी राहिली आणि तो दगडांच्या खाचांत पाय रोवत खाली गेला. मग गाळाच्या पाट्या वर येऊ लागल्या. काळा, गार, कुजक्या पानांच्या वासाचा गाळ. एस्तेर, मी, आई, जेठीबाईची सून, आम्ही सगळ्याजणी पाट्या उचलून अंगणाच्या कडेला ओतत होतो. आत्यासुद्धा पदर खोचून आली. किती पाट्या झाल्या असतील सांगता येत नाही. गाळात एक फुटकी घागर निघाली, मुळांचं एक जाळं निघालं, एका मुलाचा भोवरा निघाला. ऊन उतरत आलं होतं. खालून पहारीचे घाव ऐकू येत होते, आणि मग ते थांबले.

टेकचंदने खालून ओरडून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. अंगण गप्प झालं. मी काठावर वाकून पाहिलं. खाली अंधारात त्याचं डोकं दिसत होतं, भिंतीला कान लावलेलं. त्याने हाताने एक दगड काढला, मग दुसरा. आणि मग तो आवाज आला. आधी कोणी घसा खाकरावा तसा, मग बारीक, मग एकसारखा. भिंतीतून पाण्याची एक धार सुटली आणि त्याच्या छातीवर आपटली. मला ती दिसत होती, कारण वरून येणारा थोडासा उजेड बरोबर तिच्यावर पडला होता. शेकडो वर्षांपूर्वी कोणी खणलेल्या बोगद्यातून, आमच्या घरांखालून, बाजाराखालून, न दिसता चालत आलेलं पाणी. गल्लीतल्या प्रत्येक घराखालून ते आलं होतं. जेठीबाईने दोन्ही हात जोडले. आईने क्रुसाची खूण केली. मी काहीच केलं नाही. मला हलताच आलं नाही.

टेकचंदला वर ओढलं तेव्हा तो ओळखू येत नव्हता. केसांपासून पायांपर्यंत चिखल, फक्त डोळे पांढरे. तो विहिरीच्या कठड्याला टेकून बसला आणि धापा टाकू लागला. कोणीतरी बादली सोडून नवं पाणी काढलं. बाबांनी घरातून पितळी लोटा आणला, तो भरला आणि टेकचंदसमोर गेले. मग थबकले. न पिणाऱ्या माणसाला पाणी विचारावं तरी कसं. पण तो बघत होता, लोट्याकडे बघत होता. तेव्हा बाबा थोडे वाकले आणि त्यांनी लोटा वरून धार धरायला तिरका केला. म्हणजे त्याने ओंजळ करावी, भांड्याला त्याचा स्पर्श नको, आपलाही त्याला नको. आयुष्यभर कोणालाही पाणी देताना ते असंच द्यायचे, दवाखान्यातसुद्धा. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून लागलेली सवय.

टेकचंदने ओंजळ केली नाही. त्याने हात वर करून बाबांच्या हातातला लोटा घेतला, दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला लावला. डोकं मागे टाकून तो प्यायला. त्याचा कंठ वरखाली होत होता आणि हनुवटीवरून चिखलाचे ओहोळ गळत होते. बाबांचा रिकामा हात तसाच हवेत राहिला होता, तो त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही. अंगणात एवढी माणसं होती, पण त्या पिण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. फाटकाबाहेर त्याची बायको उभी होती. तिने ओढणी तोंडात धरली होती.

लोटा संपला. टेकचंदने तो बाबांपुढे धरला आणि धाप टाकत म्हणाला, "और दीजिए." बाबांनी लोटा भरून आणला.